घरटी एक नेमबाज

मंगळवार, २३ मे १९३३

पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने काशीरामकाकांनी मुंबईहून एअरगन पाठवली. छऱ्यांची डबी आणि चिठ्ठी सोबत. चिठ्ठीत लिहिलंय, "चि. हरिश्चंद्र व चि. सदू या दोघांस." सदू हा काकांचा मुलगा, शाळेसाठी आमच्याकडे राहतो. स्वतःच्या मुलाचं नाव त्यांनी नंतर घातलं यातच सगळं आलं. बंदूक माझी आहे. सदूला वाईट वाटू नये म्हणून "दोघांस".

संकल्प: दसऱ्याला तालमीतर्फे जुन्या चिरेखाणीत नेमबाजी असते. अठरा वर्षांखालच्यांची वेगळी, घरटी एक. पहिला नंबर माझा. वर्गात जाहीर करायचं होतं पण सुटी आहे. म्हणून घरोघर जाऊन सांगितलं. सात घरं झाली.

बुधवार, २४ मे

अण्णा म्हणाले सुभेदार भागोजी शिकवतील तेव्हाच बंदुकीला हात लावायचा, तोवर ती माझ्या कपाटात. अण्णा कचेरीत कारकून आहेत. त्यांना प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी सहीने लागते.

हा भागोजी खालच्या आळीत राहतो. पेन्शनर. मोठ्या लढाईत बसऱ्याला होता आणि ते तो कुणाला विसरू देत नाही. तोंडावर मी त्याला अहो सुभेदार म्हणतो. इथे म्हणणार नाही. वही माझी आहे.

रविवार, २८ मे. संध्याकाळ.

पहिला धडा. बंदूक नाहीच! भागोजीने आम्हा दोघांच्या हातात बांबूची काठी दिली आणि अंगणात फिरायला लावलं. म्हणे हीच बंदूक, आणि ती भरलेली हाय असं समज. काठीचं टोक माणसाकडे वळवायचं नाही. मी सोळा वर्षांचा आहे, इंग्रजी सहावीत आहे. काठी भरलेली कशी समजू?

फिरताना त्याची कोंबडी आडवी आली. मी काठी तिच्यावर रोखली, सहज. तो एवढा ओरडला की आळीतली माणसं दारात आली. म्हणे कोंबडी तर कोंबडी, उद्या हितं माजी नात चालंल. नात काठीने मरते काय? सदू मात्र टोक जमिनीकडे करून मुकाट चालत होता. त्याची पाठ थोपटली. सदूला काठी शोभते, हे मान्य.

रविवार, ४ जून

काठी.

रविवार, ११ जून

काठी. आज काठी एकमेकांना देण्याचा धडा. देताना नळी उघडून दाखवायची, घेणाऱ्याने आत डोकावून बघायचं, मगच घ्यायची. बांबूची नळी उघडल्यासारखं करायचं आणि आत डोकावल्यासारखं करायचं! मी हसलो. भागोजीने मला पायरीवर बसवून ठेवलं. इन्सल्ट. सदूने दहा वेळा उघडलं, दहा वेळा डोकावला. गाढवाला ओझ्याचं काय.

रविवार, १६ जुलै

अखेर खरी बंदूक हातात आली. रिकामी. वर नळीवर ढब्बू पैसा ठेवून नेम धरायचा आणि शंभर अंक मोजायचे, पैसा पडता कामा नये. माझा अकराला पडला. पैसा झिजलेला होता आणि पडवीत पावसाची झड येत होती. सदूचा त्र्याण्णवला पडला. सदूचे हात जड आहेत. दगड हलत नाही यात दगडाची हुशारी नसते.

भागोजी म्हणाला, तुजा हात नाय हलत, तुजं मन हलतंय. हे बसऱ्याला शिकवतात वाटतं.

आईने विचारलं, जमतंय का रे? सांगितलं, उत्तम.

रविवार, ६ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली, आज उघडीप. चिरेखाणीत पहिल्यांदा छर्रे! पण त्याआधी दोन तास हमाली. भागोजी म्हणे चिऱ्यावर छर्रा मारला तर तो उलटा येतो, दगड काय ठेवून घेत नाय. म्हणून निशाणामागे वाळूची पोती रचायची. वाळू भाट्याच्या किनाऱ्यावरच्या पुळणीतून आणलेली. पोतं माझ्या डोक्यावर. छर्रा एवढासा, त्याच्यासाठी पोती नऊ. आम्ही काय तोफ आणली आहे?

खाणीच्या तोंडाशी तांबडा बावटा. बावटा उभा असेल तरच भरायचं. आडवा झाला की नळी उघडायची आणि मागे सरायचं, कारण वरच्या वाटेने माणसं जातात. छर्रा भरायचा तो रेषेवर उभं राहूनच, घरून भरून आणायचा नाही, भरून ठेवायचा नाही. मला एवढ्या वेळा सांगितलं की रात्री झोपेत म्हणेन.

रिझल्ट: मी पाच मारले, कागदावर एकही नाही. समुद्राचा वारा होता. सदूचे तीन कागदावर. त्याच्या पाळीला वारा पडला. अशी माणसं नशीब घेऊन येतात.

रविवार, २० ऑगस्ट

संताप झालाय, अक्षर खराब येईल.

आज माझा नेम पहिल्यांदा अगदी बरोबर लागला होता. बोट चापावर होतं. तेवढ्यात सदूने बावटा आडवा केला. वरच्या वाटेने सगुणा गवतवाली भारा घेऊन चालली होती. ती दूर होती, छर्रा तिथे पोचतही नाही. आणि नेम सोडून द्यायचा? मी म्हटलं एक मारतो आणि थांबतो. मारला.

भागोजीने धावत येऊन बंदूक काढून घेतली. सगुणा भारा टाकून खाली उतरली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, मेल्या, डोळा गेला तर तू देणार हायस काय? का तुजा बापूस देणार? बापसापर्यंत जायची गरज नव्हती. तिला काहीही लागलेलं नव्हतं. वर ती सदूला म्हणाली, तू चांगला झिलगा हायस रे बाबा.

शिक्षा: तीन रविवार बंदूक नाही. बावटा धरायचा. मी विचारलं, मग सदूने अर्ध्यात बावटा का टाकला? भागोजीने बावट्याची काठी माझ्या हातात ठेवली. याला उत्तर म्हणत नाहीत.

सदूशी बोलणं बंद.

शनिवार, २६ ऑगस्ट

सदूशी बोलावं लागलं. भूमितीचं गणित अडलं होतं.

रविवार, १७ सप्टेंबर

बंदूक परत मिळाली. पन्नासपैकी माझे अकरा, सदूचे चौतीस. पण माझे अकरा तीन आठवड्यांच्या उपासानंतरचे आहेत. प्रगतीचा वेग पाहिला तर दसऱ्यापर्यंत मी पन्नासच्या वर जाईन.

वर्गात सगळे विचारतात, नेमबाजी कुठवर आली. सांगितलं, सुभेदार मला झाकून ठेवतायत.

रविवार, २४ सप्टेंबर

पक्षपात! भागोजीने अण्णांना येऊन सांगितलं की घरचं नाव सदूचं द्या. माझ्याबद्दल काय म्हणाला ते दाराआडून ऐकलं. म्हणाला, हरीला नेम येईल, वर्सा दोन वर्सांत येईल. पण त्याला बंदूक नको हाय, त्याला टाळ्या हव्या हायत. अण्णांनी मान डोलावली. जन्मदाता बाप.

आता मी सगळ्या वर्गाला काय सांगू? सदूला म्हटलं, तू माघार घे. तो म्हणाला, सुभेदारांना विचार. म्हटलं, तूच विचार. तो म्हणाला, मग मी कशाला माघार घेऊ? पाहुणा म्हणून घरात राहायचं आणि घरच्याच्या ताटातला घास घ्यायचा! आई म्हणाली, तो पाहुणा नाही. आईसुद्धा.

बुधवार, २७ सप्टेंबर

प्लॅन ठरला. अजून वेळ गेलेली नाही. अण्णांना प्रत्यक्ष नेम दाखवायचा. मागल्या दारी गडग्याच्या दगडांवर करवंटी ठेवायची, एका छऱ्यात फोडायची आणि फुटलेली करवंटी चहाच्या वेळी अण्णांच्या पुढ्यात ठेवायची. एकही शब्द बोलायचा नाही.

अडचण: उद्या खंडेनवमी. शस्त्रांची पूजा, म्हणजे हत्यार वापरायचं नाही. सदूने आज बंदूक पुसून, तेल लावून, नळी उघडी ठेवून देवघरातल्या पाटावर मांडली आहे. शेजारी कोयती, पहार, विळी आणि अण्णांचा टाक. आईने वर तांबडं फडकं घातलं. म्हणजे पूजेआधीच, पहाटे, कोणी उठायच्या आत उरकलं पाहिजे. पूजा झाली नाही तोवर हत्यार ते हत्यारच. शास्त्रात याला बंदी असेल असं वाटत नाही.

गुरुवार, २८ सप्टेंबर. सकाळी ६॥

थोडक्यात राहिलं. करवंटी गडग्यावर ठेवली होती, छर्रा भरला, नेम धरला, श्वास रोखला, आणि आई झेंडूची फुलं काढायला मागल्या दारी आली. मी तसाच बाजूच्या दाराने आत. बंदूक पाटावर, वर फडकं, सगळं जसंच्या तसं. कोणाला काही कळलं नाही.

छर्रा आत राहिला आहे. बाहेर काढायला वेळ कुठे होता? पूजेनंतर काढीन. लक्षात ठेवणे.

त्याच दिवशी. दुपारी १

पूजेच्या वेळी बंदूक उडाली.

नीट लिहितो. भटजी मंत्र म्हणत होते. आईने कोयतीला कुंकू लावलं, पहारीला लावलं, मग बंदुकीला. मग झेंडूची माळ घालायला घेतली. माळ नळीवरून सरकत होती म्हणून तिने ती चापाच्या कड्यातून ओवली आणि दुसऱ्या हाताने नळी धरून माळ ओढली. मी समोर बसलो होतो. मला आठवलं. बोलणार होतो. खरंच बोलणार होतो, तोंड उघडलं होतं.

आवाज फार मोठा नव्हता. पाटावर काचा पडल्या. आईच्या डाव्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या. छर्रा देवघराच्या चौकटीत घुसला. आईने मनगट दुसऱ्या हाताने धरलं. मग आई म्हणाली, काही नाही, बांगड्या वाढवल्या. सणाच्या दिवशी ते शब्द ऐकून भटजींनी डोळे मिटले.

अण्णांनी विचारलं, काल बंदूक कोणी ठेवली? सदू म्हणाला, मी. पण मी नळी उघडी ठेवली होती, काका. अण्णांनी त्याच्या थोबाडीत मारली. तो पुन्हा म्हणाला, उघडी ठेवली होती. दुसरी बसली. आई म्हणाली, पुरे, आईवेगळ्या मुलावर हात टाकू नका. तिने माझ्याकडे बघितलं असं वाटलं. कुंकवाने डोळे चुरचुरत असतील.

मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता बोलणं हा उद्धटपणा आहे, अण्णाच म्हणतात. शिवाय सदूने ती उघड्यावर ठेवली आणि कुलूप लावलं नाही, म्हणजे थोडी चूक त्याचीही. शिवाय चापातून माळ ओवायची काही पद्धत आहे का? या घरात कोणालाच बंदूक कळत नाही.

संध्याकाळी ७

अण्णांनी सांगितलं, सदूने बंदुकीला हात लावायचा नाही. उद्या घरचं नाव माझं.

आनंद व्हायला पाहिजे. दिवसभर धावपळीने दमलोय म्हणून होत नसेल. आई दुपारी खालच्या आळीत कुणाकडे तरी जाऊन आली. डोक्यावरून पदर, हात पदरात.

सदू जेवला नाही. मी त्याच्या वाटची खीर खाल्ली नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवार, २९ सप्टेंबर. दसरा. रात्री ८

लिहिणार नव्हतो.

खाणीत सगळी आळी लोटली होती. वर्गातली आठ पोरं आली होती, मीच बोलावलेली. भागोजीने मला नळी उघडून बंदूक दिली, मी आत डोकावलो. बावटा उभा होता. पाच छर्रे. पहिला पोत्याच्या वर, चिऱ्यावर आपटून कुठेतरी गेला. भागोजी माझ्या जवळ येऊन उभा राहिला. दुसरा पोत्यात. तिसरा पोत्यात. चौथा कागदाच्या कोपऱ्याला. पाचव्याला चाप दाबायच्या वेळी कानात काचा पडल्या, आणि छर्रा कुठे गेला ते मला माहीत नाही. पन्नासपैकी एक.

पोरं हसली. मी मोठ्याने म्हटलं, पूजेत माशी हलली आहे. नळीच्या टोकाची माशी, जिच्यावरून नेम धरतात ती. कुंकवाने हलते.

भागोजीने मला बाजूला नेलं. हळू आवाजात बोलला, दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही. म्हणाला, आनी काय सांगायचं हाय तुला? म्हटलं, नाही. म्हणाला, बघ, इचार कर. म्हटलं, माशीच हलली आहे. तो म्हणाला, तुजी आवस काल दुपारी माज्या दारात आली होती. फाटंला तिने तुला मागल्या दारी बघितला. म्हणाली, सुभेदार, त्याला रेषेवर न्या. तितं तरी तोंड उघडील, तोवर थांबा. मी पाच छर्रे थांबलो, हरी. माज्या सबंध नोकरीत एवढा थांबलो नाय.

मी विचारलं, सदूला माहीत आहे? म्हणाला, सदूला बंदूक उगडी ठेवल्याचं माहीत हाय. बाकी त्याला कोणी सांगायला लागतं काय?

मग त्याने माझा कागद फाडला आणि पंचांना म्हणाला, या घराची पाळी व्हायची हाय. सदूला बोलावलं. सदू म्हणाला, काकांनी नको म्हटलंय. भागोजी म्हणाला, काकांचं मी बघतो, तू उभा ऱ्हा. सदूला अडतीस. दुसरा नंबर. मांडवीच्या विठूला एक्केचाळीस.

निघताना भागोजी म्हणाला, अण्णांना मी काय सांगणार नाय. ते तुजं काम.

अण्णा खाणीत आले नव्हते. घरी बातमी पोचल्यावर त्यांनी सदूला विचारलं, तुला बंदूक दिली कोणी? सदू म्हणाला, सुभेदारांनी. अण्णा उठून आत गेले. सदूने त्यांच्यापुढे सोनं धरलं होतं, ते घेतलं नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर

अण्णांना आज सांगणार होतो. सकाळी ते कचेरीच्या घाईत होते. संध्याकाळी महिनाअखेरीमुळे डोकं दुखत होतं. जेवताना बोलू नये. जेवल्यावर लगेच बोललं तर पचन बिघडतं.

भाषण तयार आहे. तीन पानं. सुरुवात बंदुकीच्या इतिहासापासून आहे.

रविवार, १ ऑक्टोबर

सकाळी मथुरा कासारीण आली. पडवीत बसून आईला बांगड्या भरायला लागली. आई उजवा हात पुढे करत होती. कासारीण म्हणाली, वयनी, रिकामा तो हात द्या की. आई म्हणाली, राहू दे आज, तो नंतर. कासारणीने हसत पदर बाजूला केला आणि डावा हात ओढला.

मनगटावर आडवा ओरखडा होता, बोटभर लांब, हळदीने पिवळा झालेला. काचेचा नव्हता. काच असं सरळ जात नाही. त्याच्या शेजारीच निळी शीर.

तीन दिवस त्या हातात भांडं धरून तिने मला वाढलं होतं. मी ताटाकडे बघत होतो.

अण्णा पडवीतच टपाल वाचत बसले होते. मी म्हटलं, छर्रा मी भरला होता. पहाटे. सदूने नळी उघडीच ठेवली होती. बाकीची तीन पानं आठवली नाहीत. कासारणीच्या हातात बांगडी तशीच राहिली.

मला वाटलं मारतील. मी जवळ जाऊन उभासुद्धा राहिलो. अण्णांनी टपाल घडी करून ठेवलं, चष्मा काढला आणि उठून विहिरीवर गेले. सदू पाणी भरत होता. ते त्याला काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. थोडाच वेळ बोलले. मग त्यांनी त्याच्या हातातली भरलेली कळशी घेतली आणि स्वतः घरात आणून ठेवली. अण्णांनी कधी पाणी आणलेलं मी पाहिलेलं नाही. उंबऱ्यावर थोडं सांडलं.

सदूला मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, बरं. अजून काहीतरी म्हणेल म्हणून थांबलो. तो दुसरी कळशी भरायला गेला.

बंदूक भागोजीकडे गेली. रविवारी सदू खाणीत जाणार, मी पोती उचलायची आणि बावटा धरायचा. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. विचारलं नाही.

दुपारी आईने हाक मारली, पान वाढलंय, ये. गेलो.